फोटोतली गर्दी कोणाची होती?

प्रश्न : नमस्कार दादा, पोरगं मोबाईलवर पहिल्या महायुद्धाचे व्हिडिओ पाहते. त्याच्यात लढाई जाहीर झाली अन् शहरातले लोकं टोप्या उडवून नाचून राहिले. मले काही पटत नाही. आपलं लेकरू मराले जाणार अन् माणूस नाचते काय? खरंच तिकडे असे खुश होते काय जी लोकं?
– एक कास्तकार, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, नाचले हे खरंय, पण सगळेच नाचले हे खोटं. सगळ्यात फिरलेला फोटो म्युनिकच्या ओडिऑन चौकातला, २ ऑगस्ट १९१४ चा, ज्याच्यात गर्दीत हिटलर दाखवतात (फोटो काढणारा पुढे हिटलरचाच खास फोटोग्राफर झाला, म्हणून हिटलर नंतर घुसवला का अशी शंका अभ्यासकांनी काढलेलीच आहे). पण बर्लिनमध्ये २८ जुलैला समाजवादी पक्षाच्या युद्धविरोधी सभांना लाखावर माणूस जमला होता, त्याचा फोटो कोण फिरवते? लंडनला २ ऑगस्टलाच ट्रफाल्गर चौकात मजूर पक्षाचा नेता केअर हार्डी लढाईच्या विरोधात भाषण देत होता, अन् पॅरिसमध्ये लढाई टाळा म्हणणाऱ्या समाजवादी नेत्याला, जाँ जोरेसला, ३१ जुलैच्या रात्री कॅफेत जेवता जेवता गोळी घातली.

ओरडणाऱ्यांमध्ये कॉलेजची पोरं अन् नोकरीवाले जास्त. बाकीची जनता काय करत होती, तर लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडसमोर नोटा देऊन सोनं घ्यायला लाईन लावून उभी होती, बँकेने व्याजदर १० टक्क्यांवर नेला, सुट्टी वाढवून बँका बंद ठेवल्या अन् मग ७ ऑगस्टला सरकारने एक पौंडाची कागदी नोट काढली. किराणा भरून ठेवायची घाई वेगळीच.

अन् खेड्यातलं तर तुम्हाला सांगायची गरजच नाही. फ्रान्समध्ये १ ऑगस्टला, शनिवारी दुपारी चारनंतर गड्यांना फौजेत बोलावणाऱ्या चर्चच्या घंटा वाजायला लागल्या, शेतातल्या लोकांना वाटलं कुठं आग लागली. पिकाची सोंगणी चालू, अन् गडी तर गडी, सरकार घोडेपण घेऊन गेलं. ऐन हंगामात कोणी तुमची बैलजोडी सोडून नेली तर कसं वाटंल? तिथल्या शाळामास्तरांनी त्या दिवसांच्या नोंदी ठेवल्या, त्याच्यात पहिल्या दिवशी माणसं सुन्न झाल्याचं, बाया रडल्याचं आहे, अन् मग दोन-चार दिवसांनी पोरं निघाली तेव्हा स्टेशनवर गाणी, फुलं. म्हणजे आधी रडून घेतलं मग हात हलवला, कॅमेरा मात्र हात हलवताना आला.

आपल्याकडे नाच-बिच काही नव्हता, जर्मनी-ऑस्ट्रियाची कापसाची गिऱ्हाइकी तुटली अन् भाव आपटला, ते आपलं महायुद्ध.

कारगिलच्या वेळी मी बारावीत होतो. स्टँडवर पानठेल्यापाशी फटाके, जयजयकार, मीपण घसा बसेपर्यंत ओरडलो. मागच्या गल्लीतला एक जण सीमेवर होता, त्याच्या घरी पेढे द्यायला गेलो तर त्याचा बाप ओसरीत तिफणीची दोरी वळत बसला होता, पेरणी अडलेली. पेढा घेतला, खाल्ला नाही. म्हणे, रेडिओवर कोणत्या पलटणीचं नाव सांगितलं काय रे?