परदेशात शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना नेमकं काय जड जातं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी सप्टेंबरात इंग्लंडला जातेय, तिथे तिच्या शेजारच्या खोलीत एक जपानी मुलगी असणार आहे, आणि "हे लोक फार अबोल असतात, एकटे पडतात म्हणे, हिचं तिच्याशी जमेल का?"

मी 2018-19 मध्ये लीड्सला फूड सायन्समध्ये एमएससी करत होते. सहा खोल्या आणि एक स्वयंपाकघर असा आमचा फ्लॅट. समोरच्या खोलीत जपानी मुलगी. ती टोक्योतल्या विद्यापीठात समाजशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि एक्स्चेंजवर आली होती. मूळची निइगाताची, म्हणजे भाताच्या आणि बर्फाच्या मुलखातली. तिच्यासोबत दहाएक महिने काढले. त्यामुळे माझं उत्तर एका मुलीपुरतंच समजा, अख्ख्या जपानचा ठेका मी घेतलेला नाही.

जमण्याचं म्हणाल तर आमचं चपलांपासूनच जमलं. सहा दारांपैकी दोनच दारांबाहेर चपला-बूट काढलेले असायचे, तिच्या आणि माझ्या. बाकीचे चौघे चिखलाच्या बुटांनी गाद्यांपर्यंत जायचे. भांडी साबणाच्या पाण्यात बुचकळून, न विसळताच निथळत ठेवायची हा तिथला रिवाज पाहून आम्ही दोघींनी एकमेकींकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहिल्यावर भाषांतराची गरजच उरली नाही.

मी रत्नागिरीची, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मासळी शोधायला निघाले. लीड्सचं कर्कगेट मार्केट म्हणजे मोठं झाकलेलं जुनं मार्केट. 1884 मध्ये याच मार्केटात एका पेनीच्या वस्तूंचा ठेला लागला आणि त्याचंच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. पण मला त्यांच्या कपड्यांशी देणंघेणं नव्हतं, मला मासळीची रांग हवी होती. तिथे ही आधीच उभी, आणि दोघींची नजर एकाच माशावर. तिथला मॅकरेल आपल्या बांगड्याचा लांबचा नातेवाईक. अंगाने लांबट, पाठीवर वाघासारखे पट्टे, तेल मात्र आपल्या बांगड्यापेक्षा जास्त. ती म्हणाली "साबा", मी म्हटलं "बांगडा". चार घेतले, दोन तिचे, दोन माझे.

तिची पद्धत पाहून मी जरा हिरमुसले. नुसतं मीठ चोळायचं, वीस मिनिटांनी सुटलेलं पाणी कागदाने टिपायचं, ग्रिलखाली भाजायचं, वर किसलेला मुळा आणि सोया सॉस. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही. खाऊन बघितल्यावर मात्र गप्प बसले. मग मी माझं सार करायला घेतलं. विळी नव्हती, म्हणून फ्रीझरमधला खवलेला नारळ. आईने दिलेल्या डबीतली चार तिरफळं ठेचून घातली. ती दारातूनच नाक वर करून म्हणाली, "सानशो?" खोलीत जाऊन एक छोटी पुडी घेऊन आली, वाम माशावर भुरभुरवायची हिरवट पूड. मी वास घेतला आणि मला क्षणभर माजघरात उभं असल्यासारखं झालं. जिभेला येणारी ती बधिर झिणझिणीसुद्धा तीच. माझा विषयच तो असल्याने रात्री बसून शोधलं. दोन्ही झँथॉक्झायलम नावाच्या एकाच वनस्पती-गटातली, सख्खी नाहीत पण चुलत नक्की. तुमच्या मुलीच्या सामानात तिरफळं असू द्या, एवढा एक ठोस सल्ला मी देऊ शकते.

त्या रात्री धुराचा अलार्म वाजला आणि अख्खी इमारत थंडीत बाहेर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाचा दम भरणारा ईमेल. मी उलट टपाली कळवलं की स्वयंपाकघरातला पंखा बंद आहे, आधी तो दुरुस्त करा. तिने काय केलं? फ्लॅटमधल्या बाकी चौघांच्या दारांखाली हाताने लिहिलेली माफीची एकेक चिठ्ठी सरकवली, सोबत ग्रीन टीची पुडी. पंखा माझ्या ईमेलने दुरुस्त झाला, फ्लॅटमध्ये आम्हाला मासे करू दिले ते तिच्या चिठ्ठ्यांमुळे.

आता अबोलपणाचं. ती अबोल नव्हती. स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलायची. अडायची ती वर्गात. प्रत्येक सेमिनारसाठी ती एक प्रश्न वहीत नीट लिहून न्यायची. तिथली पद्धत अशी, की कुणी कुणाला थांबवत नाही, जो मध्ये तोंड घालेल त्याचा नंबर. ही वाट बघायची की समोरच्याचं पूर्ण होऊ दे, मग एक श्वास जाऊ दे, मग आपण. तेवढ्या एका श्वासात दोघं बोलून मोकळे व्हायचे आणि चर्चा पुढच्या गावाला पोचलेली असायची. आपलं उलट. मी तर न वाचलेल्या लेखांवरही मत ठोकून देत असे. जपानीत "कूकी ओ योमु" असा एक वाक्प्रयोग आहे, शब्दशः हवा वाचणे. कोण काय न बोलता सांगतंय ते ओळखायचं. तिच्या मते लीड्सला हवा होती, पण तिची लिपी वेगळी होती.

आणि तिचं ते "हं, हं, येस, येस". जपानी माणूस ऐकताना सतत अशी पावती देत राहतो, त्याला तिकडे आइझुची म्हणतात. आपल्याला हे कळायला हवं, कारण गोष्ट ऐकताना आपणही हुंकार देतोच की. हुंकार दिला म्हणजे गोष्ट पटली असं नसतं, "जागा आहे, सांग पुढे" एवढाच त्याचा अर्थ. पण तिच्या गटातल्या तिघांनी तिच्या "येस, येस"चा अर्थ होकार असा घेतला आणि अख्ख्या सादरीकरणाच्या स्लाइड्स हिच्या गळ्यात पडल्या. रात्री दोन वाजता ती डोळे पुसत स्लाइड्स करत होती. मी म्हटलं, "नाही म्हण ना सरळ!" त्यावरही ती म्हणाली, "हं."

एकटेपणा होता, पण तो थोडा ओढवून घेतलेला. जपानी लोकांत राहिलीस तर इंग्रजी सुधारणार नाही, असं सिनियर्सनी बजावून पाठवलेलं, म्हणून ती तिथल्या जपानी मुलांपासून ठरवून लांब राहायची. मी मात्र पहिल्याच महिन्यात मराठी मंडळींचा गणपती गाठून मोदक हाणून आले होते. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडायला लागला तसा तिचा निर्धार ढिला झाला आणि एका रविवारी ती गुपचूप जपानी मुलांकडे हॉटपॉट खायला गेली. परत आली तेव्हा चेहरा असा, जसा उपास मोडल्यावर आपला होतो. बाकी किरकोळ गोष्टी बऱ्याच. कॅफेत जागा धरायला टेबलावर बॅग ठेवून ती काउंटरवर गेली, टोक्योत सगळेच तसं करतात म्हणे, इथे बॅगच गेली. सर्दी झाली म्हणून मास्क लावला तर फ्लॅटमधल्यांना वाटलं हिला काहीतरी भयंकर झालंय.

पण तुमच्या मूळ प्रश्नाचं खरं उत्तर यात कुठेच नाही. तिला सगळ्यात जड गेलं ते लीड्समधलं काहीच नव्हतं. जड होतं ते मायदेशातलं कॅलेंडर.

जपानमध्ये बहुतेक मोठ्या कंपन्या पदवीधरांची घाऊक भरती करतात. सगळे नवे एकाच दिवशी, 1 एप्रिलला, रुजू. त्यासाठीची धावपळ म्हणजे शूकात्सु, आणि ती शिकत असतानाच, तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला सुरू होते. तिच्या बॅचला 1 मार्च 2019 पासून कंपन्यांची माहितीसत्रं आणि 1 जूनपासून मुलाखती असं वेळापत्रक होतं. आता मांडणी बघा. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलचं, इंग्लंडचं सप्टेंबरचं. ही सप्टेंबरात आली, जूनच्या मध्याला परतणार. म्हणजे मार्च, एप्रिल, मे हे तिच्या मैत्रिणी काळे सूट घालून टोक्योभर फिरत होत्या ते महिने, तेव्हा ही लीड्सच्या लायब्ररीत. शिवाय "नवा पदवीधर" हा शिक्का एकदाच मिळतो. तो वाया जाऊ नये म्हणून कित्येक मुलं मुद्दाम एक वर्ष उशिरा पदवी घेतात. परदेशी गेलेल्यांसाठी दर नोव्हेंबरात अमेरिकेत बॉस्टनला एक मोठा भरती मेळावा भरतो, तीन दिवसांत मुलाखती आणि कधी कधी तिथेच नोकरीही. पण लीड्सहून बॉस्टनचं तिकीट काढायला हिच्याकडे पैसे नव्हते.

हे समजलं तेव्हा मला एक जुनं कोडं सुटल्यासारखं वाटलं. एवढा सधन देश, मग त्यांची मुलं कमी का दिसतात? 2004 मध्ये परदेशात शिकणारे जपानी विद्यार्थी जवळपास 83 हजार होते, पुढच्या सहा-सात वर्षांत आकडा 60 हजारांच्या खाली घसरला. 2013 मध्ये सरकारला "तोबिताते", म्हणजे उडा, झेप घ्या, अशी मोहीम काढून शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. आपल्याकडे कुणाला झेप घ्या म्हणून सांगावं लागत नाही, बँकेच्या रांगेत आधीच चेंगराचेंगरी. माझ्यावर 22 लाखांचं कर्ज होतं आणि मला तिथेच राहायचं होतं, पण शिकून झाल्यावर दोन वर्षं राहू देणारा व्हिसा 2012 पासून बंद होता. तो परत आणायची घोषणा झाली सप्टेंबर 2019 मध्ये, आमची बॅच बॅगा भरत असताना. तर मला राहायचं होतं आणि राहू देत नव्हते, आणि तिला वेळेवर पोचायचं होतं नाहीतर घरचं दार बंद होणार होतं. एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोघींची काळजी अशी पाठीला पाठ लावून बसलेली.

एकदा बोलता बोलता मी तिला तो फोटो दाखवला, आपल्याकडे दर महिला दिनाला फिरतो तो. 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिला ओकामी माहीतच नव्हत्या! तिला माहीत होत्या त्सुदा उमेको, 1871 मध्ये सहाव्या वर्षी सरकारने अमेरिकेला धाडलेली मुलगी. ती 1882 मध्ये परतली तेव्हा मातृभाषा विसरली होती. (पुढे तिने मुलींसाठी शाळा काढली आणि 2024 पासून ती पाच हजार येनच्या नोटेवर आहे.) मग आम्ही ओकामींचं शोधून वाचलं. 1889 मध्ये डॉक्टर होऊन त्या जपानला परतल्या, टोक्योच्या जिकेई रुग्णालयात लागल्या. सम्राट मेइजी तिथे भेट द्यायला येणार होते, पण बाई डॉक्टर म्हणून त्यांनी यांना भेटायचं नाकारलं, आणि यांनी नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना थाटला. आनंदीबाईंचं तर आपण जाणतोच, पदवी 1886 ची आणि फेब्रुवारी 1887 मध्ये सगळं संपलेलं. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यात तिघी किती निवांत दिसतात. अजून परत जायचंय ना."

मेच्या अखेरीस परीक्षा संपल्या आणि टेबलावर पुस्तकांऐवजी बायोडेटाचे छापील फॉर्म आले. हाताने भरायचे, काळ्या पेनाने. एक फराटा चुकला की अख्खा कागद बाद, व्हाइटनर चालत नाही. मी चहा करत होते तेवढ्यात तिने तिसऱ्यांदा कागद फाडला. चुकलं होतं तिच्या स्वतःच्याच विद्यापीठाच्या नावातलं एक अक्षर. वर्षभर इंग्रजी लिहून हात विसरला, असं म्हणून ती हसली. हसली, पण मी चहाचा कप पुढे सरकवला तरी तिने मान वर केली नाही.

निघायच्या आदल्या रात्री केस. वर्षभर तिने ते चहाच्या रंगाचे केले होते, आता मुलाखतींसाठी पुन्हा काळे. दुकानातला रंग आणून बाथरूममध्ये मीच लावून दिला. पांढऱ्या बेसिनवर काळे शिंतोडे उडाले, रात्री बारापर्यंत घासले तरी दोन राहिले. पुढे खोली सोडताना माझ्या डिपॉझिटमधून 15 पौंड कापले गेले. हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुमच्या मुलीला एवढंच सांगा. "कधीतरी जेवायला ये" असं मोघम म्हणू नकोस, "शुक्रवारी सात वाजता, मासे आहेत" असं म्हण. ती "येस" म्हणाली की एकदा विचारून घे, "म्हणजे हो, की नुसती ऐकतेयस?" आणि मार्चच्या आसपास ती चिडचिडी झाली तर तुझं काही चुकलंय असं समजू नकोस, तिकडे काळे सूट बाहेर निघालेले असतात.

तिला नोकरी लागली, ऑगस्टमध्ये. मुलाखतीत विचारलं होतं की परदेशात काय शिकलात, तर तिने अलार्म आणि चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. माझा ईमेल त्यातून गाळला होता. गेल्या हिवाळ्यात तिने फोटो पाठवला, टोक्योतल्या तिच्या चिमुकल्या ओट्यावर बांगड्याचं सार, तिरफळाच्या जागी सानशो. मी लगेच फोन लावला आणि विचारलं, आमच्यासारखं जमलं का गं?

ती म्हणाली, "हं." हा होकार होता की हुंकार, ते मला अजून कळलेलं नाही.