'तंबाखूमुक्त शाळा' फलकामागची सलाम मुंबई ही संस्था नेमकी कोणाची? तिचा इतिहास काय आणि कोकणात तिचा उपयोग झाला का?

तुमच्या भाच्याच्या दापोलीजवळच्या शाळेवर असा फलक लागलाय, आणि ही सरकारी योजना आहे की खासगी संस्था, असा तुमचा प्रश्न आहे. मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. या कामाचे बरेच कागद माझ्या टेबलावरून गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संस्था खासगी आहे, धर्मादाय. मूळ नाव सलाम बॉम्बे फाउंडेशन. पद्मिनी सोमाणी यांनी ती 2002 साली मुंबईत सुरू केली. मुंबईबाहेरच्या शाळांमधलं तंबाखूमुक्तीचं काम सलाम मुंबई फाउंडेशन या नावाने चालतं. म्हणजे नावात मुंबई असली तरी फलक तुमच्या भाच्याच्या शाळेवर. कोकणाला यात नवल वाटायचं कारण नाही, आपल्याकडे मनिऑर्डरपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळंच मुंबईहून यायचं.

2002 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी घातली. ती 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, राज्याला तो अधिकारच नाही असं ठरलं. मधल्या काळात 2003 चा केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला: अठराच्या आतल्या मुलाला विक्री नाही, शाळेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरांत, दुकान नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखाली 2011 चे नियम झाले, खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालायला मनाई झाली, आणि त्या आधारावर जुलै 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटखा पुन्हा बंद केला. या बंदीसाठी ज्यांनी आवाज उठवला त्यांत या संस्थेने तयार केलेली शाळकरी मुलंही होती. व्यापाऱ्यांनी लगेच तोड काढली. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि गिऱ्हाईकाने हातावर मिसळून घ्यायचं.

संस्थेच्या इतिहासात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे. सुरुवात झाली मुंबईच्या पालिका शाळांमधल्या, वस्तीत राहणाऱ्या मुलांपासून. पहिली चिमूट तोंडात जायच्या आधी मुलाला गाठायचं, एवढाच विचार. पण 'खाऊ नकोस' सांगितलेल्या मुलाने शाळा सुटल्यावर करायचं काय? मग क्रिकेट, हॉकी, रग्बी आलं. नाटक, नाच, चित्रकला आली. मुलांनी स्वतः बातम्या लिहायला शिकणं आलं. पुढे मोबाईल दुरुस्तीसारखी कौशल्यंही आली, म्हणजे पोरगं दहावीआधी शाळा सोडून कुठे हेल्परगिरीला लागू नये. तंबाखूविरोधी संस्था अशी पाहता पाहता किशोरवयीन मुलांची संस्था झाली. नुसती सडलेल्या जबड्यांची चित्रं दाखवून पोरं आठवडाभर घाबरतात, पुढे त्याचीच चेष्टा करतात, हे कुठलाही मास्तर सांगेल.

कोकणात मात्र यातला मुख्यतः एकच भाग पोचला, तो म्हणजे शाळा तंबाखूमुक्त ठरवायच्या निकषांचा. आधी 11 निकष होते, पुढे 9 झाले. फलक, आवारात सेवनाला बंदी, शाळेतच समिती, भिंतीवर पोस्टर, 100 यार्डांची रेघ वगैरे. पुरावा म्हणून फोटो काढून ॲपवर टाकायचे. शिक्षकांना प्रशिक्षण देणं हे संस्थेचं काम. दंड करण्याचा अधिकार तिला नाही, आणि कायद्यातला दंडसुद्धा 200 रुपयांपर्यंतचाच.

निकषांचा सर्वात चांगला परिणाम मुलांवर झाला असं मला वाटत नाही. तो झाला गुरुजींवर. मधल्या सुट्टीत पडवीत बसून तंबाखू मळणं पूर्वी कोणाला खटकत नसे. आता चौथीतलं पोरगं फलकाकडे बोट दाखवतं, आणि डबी गुपचूप पिशवीत जाते.

रेघेचं म्हणाल तर वाडीत शाळा, देऊळ, एसटीचा थांबा आणि दुकान हे सगळं हाकेच्या अंतरावर. रेघ मारली तरी दुकान जाणार कुठे? दुकानदार बहुधा कुणा विद्यार्थ्याचाच काका असतो, तो पुड्यांची माळ आत घेतो आणि मागितल्यावर देतो.

आणि मशेरी! तिला रेघही लागू नाही आणि फलकही. ती घरातच भाजली जाते. चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी दात घासायच्या निमित्ताने हिरड्यांना लावायची. आजी लावते, आई लावते, म्हणून सातवीतली मुलगी लावते. पोट साफ होतं, दात दुखत नाही, अशी कारणं तयारच असतात. तिला आपण व्यसन करतोय असं वाटतच नाही. मुलग्यांची पुडी शाळेत पकडता येते, मुलीची मशेरी शिक्षकाला दिसतसुद्धा नाही. कोकणात काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेने सुरुवात महिला बचतगटाच्या बैठकीपासून करावी, शाळेच्या फाटकापासून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपयोग झाला का? देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण 2009-10 मध्ये 31.4 टक्के होतं, ते 2016-17 मध्ये 26.6 टक्क्यांवर आलं. याचं श्रेय एका संस्थेला देणं चूक ठरेल. बंदी, पाकिटावरची चित्रं, वाढलेले कर, सगळंच त्यात आहे.

भाच्याच्या शाळेत फलकापलीकडे काही व्हावंसं वाटत असेल तर मुख्याध्यापकांना भेटा आणि समितीची बैठक शेवटची कधी झाली ते विचारा. त्या समितीत पालकही बसू शकतात. घरात कुणाला तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात.