वाचकांचे प्रश्न : शब्द ओळखीचा, अर्थ परका

मागच्या अंकात विचारलं होतं की दुसरी भाषा शिकताना नेमकं कुठे अडायला होतं. दापोलीपासून बांद्यापर्यंत इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे ज्या प्रश्नांत बाकीच्यांचंही काम होईल असे घेतलेत.

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंग झालीय, जर्मनीला जायचं म्हणून जर्मनचा क्लास लावलाय. रोज वहीभर शब्द लिहून पाठ करते पण बोलायला लागली की अडते. आम्ही घरात मालवणीच बोलतो, शाळेतही बाई म्हणायच्या घरी शुद्ध बोला. त्यामुळे तिला जड जातंय का?
— एक आई, कुडाळ

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते माझ्या अगदी जिव्हाळ्याचं आहे. मालवणीमुळे काहीही जड जात नाहीये, उलट तुमच्या मुलीच्या हातात अशा गोष्टी आहेत ज्या फक्त इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याकडे नसतात. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, डेर डी डास, म्हणजे आपलं तो ती ते. इंग्रजीत टेबलाला नि खुर्चीला लिंगच नाही म्हणून त्यांना तिथूनच त्रास सुरू होतो. आणि 'मुलगी' हा शब्द जर्मनमध्ये चक्क नपुंसकलिंगी आहे, 'डास मेटशेन', यावर जगभरचे विद्यार्थी बुचकळ्यात पडतात, पण तुमच्या घरात 'ता चेडू खय गेला' (ते चेडू, म्हणजे मुलगी, कुठे गेलं) असंच म्हणतात ना? तिला हे कोणी समजावून सांगायलाच नको. फक्त प्रत्येक शब्दाचं लिंग आपल्यासारखं असेल असं धरून चालू नका, सूर्य तिकडे 'ती' आहे आणि चंद्र 'तो', म्हणून शब्द पाठ करायचा तो डेर-डी-डास लावूनच.

आकड्यांचंही तसंच. आपण एकवीस म्हणताना एक आधी म्हणतो नि वीस नंतर, जर्मनमध्येही एक-आणि-वीस असाच क्रम आहे. इंग्रजीतून विचार करून बोलायला गेलं की उलटसुलट होतं, तेव्हा तिला सांगा की आकडे मराठीतून डोक्यात आणायचे.

आता जिथे खरंच जपायला हवं ते सांगते, आणि नर्सच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे. 'हाल्ब फीर' असं कोणी म्हटलं, हाल्ब म्हणजे अर्धा आणि फीर म्हणजे चार, तर आपल्या डोक्यात लगेच साडेचार येतं. पण त्याचा अर्थ साडेतीन आहे, चौथा तास अर्धा झाला या हिशोबाने. औषधाच्या वेळेत एक तासाचा फरक! लिहिताना तिकडे चोवीस तासांचं घड्याळ वापरतात म्हणून कागदावर घोटाळा होत नाही, तोंडी बोलण्यात होतो. हे लक्षात ठेवायला आपल्याकडेच एक शब्द आहे, अडीच. तो संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून आलाय, म्हणजे तिसरा अर्धा, दोन पूर्ण नि तिसऱ्यातला अर्धा. घड्याळात अडीच वाजले की जर्मन लोक 'हाल्ब द्राय' म्हणतात, अर्धा-तीन, अगदी तीच रचना. साडेतीन-साडेचारला आपण दुसरी पद्धत धरली, त्यांनी घड्याळात अडीचचीच सगळीकडे ठेवली.

मग आदराचं. आपल्याकडे वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटला आजी, काका, मावशी म्हणणं ही माया असते, आणि मालवणीत आजीला 'तू' म्हटलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. जर्मन पेशंटला मात्र 'झी' म्हणजे तुम्ही, आणि हाक मारायची ती फ्राउ (श्रीमती) किंवा हेर (श्री) लावून आडनावाने. एखाद्या अनोळखी बाईंना तिथे आजी म्हटलं तर त्यात माया ऐकू जाणार नाही, आपल्याला म्हातारी म्हटलं एवढंच ऐकू जाईल. शब्दकोशात 'आजी'ला जर्मन शब्द मिळतो, वॉर्डात चालणारा अर्थ मिळत नाही, आणि म्हणूनच नुसत्या यादीवर माझा विश्वास नाही.

'डांके'चंही बघा. शिकवतात थँक्यू म्हणून, पण चहा हवा का असं विचारल्यावर पेशंट नुसतं 'डांके' म्हणाला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'नको' असतो, हवा असेल तर तो 'बिटं' म्हणेल. आणि नको म्हणजे नकोच. आपल्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो, आपण तिसऱ्यांदा वाढतो नि तो आनंदाने घेतो, हा आग्रह तिकडे करायचा नाही. ओळखीचे दिसणारे पण फसवणारे शब्द मात्र वेगळे लिहून ठेवायला सांगा: 'गिफ्ट' म्हणजे तिथे विष, 'शेफ' म्हणजे स्वयंपाकी नाही तर साहेब, आणि 'हँडी' म्हणजे मोबाईल.

महाराष्ट्राचा २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार झाला त्यामुळे पुष्कळ मुलं तिकडचं स्वप्न बघतायत. तुमची मुलगी त्या भागात गेली तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे, क्लासमध्ये शिकवतात ती प्रमाण जर्मन, आणि तिथले म्हातारे लोक बोलतात ती त्यांची बोली, श्वेबिश वगैरे, सुरुवातीला कानाला पूर्ण वेगळी. यात घाबरण्यासारखं काही नाही. जी मुलगी घरात 'खय गेल्लंस' आणि शाळेत 'कुठे गेली होतीस' लहानपणापासून न अडखळता बोलत आलीय तिला एका भाषेची दोन रूपं सांभाळणं म्हणजे काय ते माहीत आहे. शाळेतल्या त्या बाईंचं मला पटत नाही. प्रमाण मराठी शिकवावी, जरूर शिकवावी, पण घरची बोली बंद करून नाही.

यादी कमी करा आणि रोज एक प्रसंग घ्या. पेशंटला उठवणं, कुठे दुखतं विचारणं, जेवणाचं ताट नेणं. तुम्ही खाटेवर पेशंट होऊन पडा आणि मालवणीत कुरकुर करा, तिने उत्तर जर्मनमध्ये द्यायचं, पूर्ण वाक्यात, मोठ्याने, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून रात्री ऐकायचं. बी-टू लेव्हलच्या परीक्षेलाही याच बोलण्याचा उपयोग होतो.

प्रश्न : पुण्यात होस्टेलला राहतो. रूममेट विदर्भातला आहे, चांगला मित्र. त्याला परवा 'काय रे मेल्या' म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही. आमच्याकडे तर हे रोजचं आहे!
— विद्यार्थी, मूळ गाव देवगड

उत्तर : तुझ्याकडे 'मेल्या' म्हणण्यात जवळीक असते, कारण तो शब्द तू लहानपणी आजीच्या तोंडून, जेवायला बोलावताना ऐकलायस. त्याने तो मरण्याशी जोडूनच ऐकला असणार आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याला सरळ सांग की आमच्यात परक्याला असं म्हणत नाहीत, आपल्याच माणसाला म्हणतात. आणि त्याच्याकडचा असा एखादा शब्द विचारून घे. 'शिरा पडो' हा आपला मालवणी शाप मात्र अजून काही दिवस वापरू नकोस.

प्रश्न : तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. दिल्ली, कोलकाता, गुजरात सगळीकडचे पाहुणे येतात, हिंदी आम्हाला येते तरी घोळ होतात. एकांना कढी आहे सांगितलं, त्यांनी सोलकढी बघून तोंड वाकडं केलं. मुलाने 'मैं तो चेष्टा कर रहा था' म्हटलं तर पाहुणे म्हणाले करते रहो.
— होमस्टे चालवणारे दांपत्य

उत्तर : हिंदी येते असं आपल्या सगळ्यांना वाटतं कारण लिपी तीच आणि निम्मे शब्द तेच, आणि नेमके तेच शब्द पाय ओढतात. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, त्यामुळे पाहुण्यांनी मुलाला प्रोत्साहनच दिलं म्हणायचं. शिक्षा म्हणजे शिक्षण. मुळात संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणंच, मराठीत त्याचा अर्थ धडा शिकवण्यापर्यंत आला आणि दंडावर थांबला, शेजारच्या कन्नडमध्येही 'शिक्षे' म्हणजे दंडच. आपत्ती म्हणजे आपल्याकडे संकट आणि हिंदी माणूस बोलताना बहुतेक वेळा आक्षेप या अर्थाने वापरतो, 'मुझे कोई आपत्ति नहीं'. 'खाली' म्हणजे त्यांच्याकडे रिकामं, म्हणून 'रूम खाली है' असं खालच्या मजल्यासाठी म्हणू नका, नीचे म्हणा. संसार म्हणजे त्यांचं सगळं जग आणि आपलं घर.

गंमत म्हणजे बंगाली पाहुणे अशा काही शब्दांत आपल्या जवळ आहेत. त्यांच्याकडेही राग म्हणजे संताप आणि संसार म्हणजे घरसंसार, पण चेष्टा मात्र हिंदीसारखी, प्रयत्न. आणि ते पाणीसुद्धा 'खातात', 'जल खाबो' म्हणजे पाणी पिणार, तेव्हा कोणी असं म्हटलं तर ताट घेऊन धावू नका.

जेवणाच्या बाबतीत माझा आग्रह आहे की नाव सांगून थांबू नका, पदार्थ सांगा. दिल्लीच्या माणसाला कढी म्हणजे ताक-बेसनाची गरम कढी, गोव्याच्या माणसाला कडी म्हणजे भाताबरोबरची माशाची आमटी, आणि तुमची सोलकढी कोकम नि नारळाच्या दुधाची, गार. तीन घरांत तीन पदार्थ. 'नारियल का दूध और कोकम, खाने के बाद ठंडा पीते हैं' एवढं म्हटलं की तोच माणूस दुसरा ग्लास मागेल. पण नाव सोलकढीच ठेवा, मेन्यूत कोकोनट ड्रिंक वगैरे लिहू नका.

प्रश्न : मुलाला गोव्यात मोपाला नोकरी लागलीय. तो म्हणतो कोकणी शिकायला हवी. मी म्हणतो आपली मालवणी तीच ना, वेगळं काय शिकायचं?
— वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. तुमच्यासारख्यांना कोकणी निम्मी कानावरून आलेलीच असते, पण निम्म्यावरच थांबलं तर घोटाळे होतात. गोव्यात कोणी 'पळे' म्हणालं तर पळायचं नाही, बघायचं. 'नुस्तें' म्हणजे मासे, आपलं 'नुसतं' नाही. 'शीत' म्हणजे शिजवलेला भात, आपल्याकडे त्याचा एकच दाणा उरला, तो शितावरून भाताच्या परीक्षेत. 'उदक' म्हणजे रोजचं प्यायचं पाणी, आणि मराठीत तो शब्द पूजेला आणि तिलांजलीला लागतो. घरी आलेल्याला उदक हवं का म्हटलं तर आपल्याकडे माणूस चपापेल, तिथे तहानलेला हात पुढे करेल.

याहून महत्त्वाचं एक. कोकणी ही मराठीची बोली असं तिथे बोलता बोलता म्हणू नका. यावरून गोव्यात फार मोठे वाद झालेत, १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, लोकांनी त्यासाठी झगडलेलं आहे. मराठीवर आपलं प्रेम आहे म्हणून दुसऱ्याच्या भाषेचं वेगळेपण नाकारायची काही गरज नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स दोन्ही शिकले. मराठीत त्यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं, आणि कोकणीचं व्याकरण लिहिलं ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये. परक्या धर्मातला स्वर्ग इथल्या माणसाला सांगताना त्यांनी 'वैकुंठ' हाच शब्द घेतला. ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दाबरोबर विष्णू येणार हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही, तरी घेतला, कारण ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या शब्दावरूनच पुढे जाता येतं. भाषा शिकणाऱ्याने किती खोल उतरावं याचं इतकं चांगलं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो.

मुलाने रोज एका गोवेकर सहकाऱ्याशी फक्त कोकणीत बोलायचं ठरवावं, आणि निघताना थँक्यूऐवजी 'देव बरें करूं' म्हणावं.

प्रश्न : भाऊ कुवेतला चाललाय. लहानपणी मदरशात शिकल्यामुळे आम्हाला अरबी वाचता येते, पण तिकडच्या लोकांचे व्हिडिओ लावले तर काही कळत नाही. असं कसं?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : कारण तुम्ही शिकलात ती ग्रंथाची अरबी आणि व्हिडिओत बोलतात ती आखाती बोली, दोन्हींत अंतर पुष्कळ आहे. पण वाचता येतं हे मोठं भांडवल आहे, बोर्ड, फॉर्म, पगाराचे कागद यात त्याचा फार उपयोग होईल.

मराठीतले अरबी शब्दही मदतीला येतील, फक्त अर्थ तपासून. आपला 'गरीब' त्यांच्याकडे परका किंवा विचित्र, 'साहेब' म्हणजे सोबती किंवा मालक. आपण 'हरकत नाही' म्हणतो ती 'हरका' त्यांच्याकडे नुसती हालचाल, हिंदीत येईपर्यंत ती वाईट वागणं झाली आणि मराठीत आक्षेप. 'मौसिम' म्हणजे हंगाम, त्यातूनच आपला मोसम आणि पोर्तुगीजांमार्फत इंग्रजांचा मान्सून.

बोलीसाठी सुरुवात विचारपूस करण्यापासून करा. कुवेतमध्ये कसा आहेस हे 'शलोनक' असं विचारतात, शब्दशः तुझा रंग कसा आहे. कातडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही, तब्येत विचारतायत. पुरुषाला शलोनक, बाईला शलोनिच. आणि मित्र तर मित्र, दुकानदारसुद्धा 'हबीबी' म्हणेल, शब्दाचा अर्थ माझ्या लाडक्या असा असला तरी भावाने संकोचायचं कारण नाही, पुरुष पुरुषांना सर्रास म्हणतात. साइटवरच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, मात्र पहिल्याच आठवड्यात हबीबी म्हणू नये, आधी त्याने म्हणू दे.