बॅरिटोन (मध्यम-खालच्या पट्टीत गाणारे ऑपेरागायक) लिओनार्ड वॉरन यांचा मृत्यू खरोखरच रंगमंचावर झाला का?

होय, १९३९पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारे वॉरन ४ मार्च १९६० रोजी तेथेच, संगीतकार व्हर्दींच्या ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ या ऑपेरामध्ये डॉन कार्लोची भूमिका करीत असताना कोसळले आणि वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संस्थेचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी पडद्यापुढे येऊन ही वार्ता सांगितली व प्रयोग थांबवला, त्यामुळे घटनेला अख्ख्या प्रेक्षागृहाची साक्ष आहे. मात्र ‘मरण, केवढी भयंकर गोष्ट!’ ही ओळ उच्चारताच ते गतप्राण झाले, ही आख्यायिका (रंगतदार असली तरी) खरी मानू नये: ती ओळ मुख्य पदाच्या आधी येते, आणि वॉरन ते अवघड पद संपूर्ण गाऊन, टाळ्या घेऊन मगच कोसळले.