फिजिक्स वाचताना कळतं, गणित आलं की अडतं. अभ्यास कसा करू?

अकरावीत आहेस असं लिहिलंयस, म्हणून सरळ 'तू' म्हणतो. पुस्तक वाचताना सगळं कळतं, पण न्यूमरिकलची सुरुवातच सुचत नाही, ही तक्रार अकरावीत माझीही होती. पहिल्या चाचणीत २५ पैकी ७ मिळाले, तेही व्याख्यांच्या जोरावर.

कारण सोडवलेली उदाहरणं मी गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायचो. पुढची पायरी छापलेलीच असते, आपण नुसती मान डोलवायची. मग क्लासच्या सरांनी एक सवय लावली: उत्तर वहीने झाकायचं, आकृती काढायची आणि आकडे घालण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायचं.

लिफ्टचं गणित घे. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर जातेय पण थांबत आलीये, वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतोय. माणसावर काट्याचा रेटा किती? मी बेधडक ६० × (९.८ + २) = ७०८ न्यूटन लिहिलं. 'वर म्हणजे अधिक' हे डोक्यात पक्कं! सरांनी एवढंच विचारलं, "वर जाणारी लिफ्ट थांबताना अंगाला काय वाटतं?" हलकं वाटतं. म्हणजे उत्तर माणसाच्या वजनापेक्षा, ६० × ९.८ = ५८८ न्यूटनपेक्षा, कमीच हवं. आकृतीत बाण दोनच: खाली वजन, वर काट्याचा रेटा. त्वरण खाली, म्हणून ६० × (९.८ − २) = ४६८ न्यूटन. वेग एकीकडे आणि त्वरण दुसरीकडे असू शकतं, हे व्याख्या तोंडपाठ असूनही मला त्या दिवशी कळलं.

डेरिव्हेशन बोर्डाला लागतातच, पाठ कर. पण 'समजा'ने सुरू होणाऱ्या ओळींपाशी थांब. लंबकात 'कोन लहान आहे' असं का म्हणतात? एक मीटर दोऱ्याला जड नट बांध आणि मोबाइलवर २० आंदोलनं मोज, ४० सेकंदांच्या आसपास येतील. दोरा २५ सेंटीमीटर केलास की वेळ निम्मा. आता खूप मोठ्या कोनातून सोडून बघ, वेळ थोडा वाढतो. ती ओळ त्यासाठीच असते.

त्रिकोणमिती आणि व्हेक्टर कच्चे असतील तर आधी ते उरक, नाहीतर दोष उगाच फिजिक्सला लागतो.

लेक्चरचे व्हिडिओ बघायचे का, तेही विचारलंयस. बघ की. पण गणित सुरू झालं की पॉझ करायचं आणि पुढची ओळ आधी आपण लिहायची. दीडपट वेगाने पाहिलेली दहा गणितं माझ्या हिशेबात शून्य.