लिक्विड कूलर बसवूनही पंखे सारखे चढतात-उतरतात आणि सुरुवातीला खळखळ ऐकू येते. कूलर सदोष आहे का?

आपण लिहिले आहे की रायझन 7 7700एक्स प्रोसेसरवर 240 मिलिमीटरचा लिक्विड कूलर बसवल्यानंतर साधा ब्राउझर उघडला तरी पंखे एकदम घोंघावतात, पाच-सात सेकंदांत शांत होतात आणि पुन्हा घोंघावतात. शिवाय संगणक सुरू करताना पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. एवढ्या लक्षणांवरून मी तरी कूलरला दोष देणार नाही. माझ्याकडे हाच प्रोसेसर आहे आणि पहिल्या आठवड्यात मीही कूलर परत करायला निघालो होतो.

चढउताराचे कारण असे की या प्रोसेसरची मुख्य चिप जेमतेम करंगळीच्या नखाएवढी असते आणि काम येताच तिचे तापमान डोळ्याचे पाते लवायच्या आत 45 अंशांवरून 65-70 पर्यंत जाते. लिक्विड कूलरमध्ये ही उष्णता द्रव घेतो आणि प्रोसेसरवर बसवलेला पंप तो नळ्यांतून रेडिएटरकडे, म्हणजे पंखे लावलेल्या धातूच्या जाळीकडे, फिरवतो. या द्रवाचे चिपसारखे नसते. 100 मिलिलिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 418 जूल लागतात, म्हणजे 100 वॅटची पूर्ण उष्णता सलग चार सेकंद त्यात ओतावी लागते. त्यात रेडिएटरचा धातू धरला तर वेळ आणखी वाढतो. ब्राउझर उघडण्याच्या दोन सेकंदांत पाण्याला या गडबडीची खबरही लागलेली नसते, पण मदरबोर्ड चिपचे तापमान पाहून पंख्यांना पळवतो आणि ते बिचारे न तापलेले पाणी थंड करत बसतात.

म्हणून पंखे शक्यतो द्रवाच्या तापमानाला बांधावेत. एनझेडएक्सटीच्या क्रॅकेनसारख्या काही कूलरमध्ये त्यासाठी संवेदक असतो आणि सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये तो निवडता येतो. लिनक्सवर त्यासाठी लिक्विडसीटीएल हे सॉफ्टवेअर वापरता येते. संवेदक नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, पंख्याचा वेग वाढण्यापूर्वीचा विलंब ठरवण्याची सोय बहुधा असते, तो जास्तीत जास्त ठेवावा. विंडोजवर फॅन कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर काही सेकंदांच्या सरासरी तापमानावर पंखे चालवू शकते. मी 75 अंशांपर्यंत वेग जवळपास सपाट ठेवला आहे आणि त्यापुढे तो सावकाश चढू दिला आहे. 75 हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण ही पिढी पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत सलग चालावी अशाच रीतीने एएमडीने घडवली आहे.

पंपाला मात्र या चढउतारात ओढू नये. माझ्या संगणकाची जोडणी करणाऱ्या कारागिराने पंपाची वायर कॅबिनेटच्या पंख्यासाठी असलेल्या पिनांवर लावली होती, त्यामुळे पंप दर थोड्या वेळाने हळू व्हायचा आणि पुन्हा सूर चढवायचा. स्थिर गुणगुण कान विसरतो. सुरावट बदलत राहिली की ती रात्रीच्या शांततेत डोक्यात जाते. मदरबोर्डवर पंपासाठी वेगळ्या पिना असतील तर वायर तेथे लावून वेग कायमचा एकच ठेवावा, आणि मग सीपीयू फॅनच्या (प्रोसेसरच्या पंख्यासाठी असलेल्या) पिना रिकाम्या राहिल्याने सुरुवातीलाच त्रुटीचा संदेश आला, तर रेडिएटरच्या पंख्यांची वायर तेथे जोडावी. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर 2 मध्ये पंप आणि पंखे एकाच वायरवर चालतात, तेथे हा सल्ला लागू पडत नाही.

खळखळ ही अडकलेल्या हवेची असते. बंद नळ्यांतही थोडी हवा असतेच, ती सर्वांत उंच जागा शोधते, आणि ती जागा पंप असता कामा नये, एवढाच नियम आहे. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर प्रश्न मिटला. समोरच्या बाजूला उभा असेल तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे. तळाशी बसवलेला रेडिएटर ही सरळ चूक आहे. जागा बरोबर असेल तर संगणक चालू ठेवून, पंप पूर्ण वेगाने फिरत असताना कॅबिनेट दोन्ही बाजूंना हलकेच कलते करावे. बुडबुडा रेडिएटरमध्ये गेला की आवाज थांबतो. (हार्ड डिस्क असेल तर ही कसरत करू नये.)

याउपर शांतता हवी असेल तर वेगाचे गणित कामी येते. पंखा मिनिटाला 1500 फेऱ्यांवरून 900 वर आणला तर वारा चाळीस टक्क्यांनी कमी होतो, पण आवाज ढोबळमानाने 11 डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला तो निम्म्याच्या आसपास वाटतो. बायोसमधील इको मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसर कमी विजेवर चालवण्याच्या सोयीत, 65 वॅटचा पर्याय निवडल्यास या प्रोसेसरची वीजमर्यादा 142 वॅटवरून 88 वर येते आणि माझ्या रोजच्या कामात तरी त्याचा फरक जाणवला नाही.

शेवटी हवामान. मी नागपुरात राहतो, जेथे कूलर म्हटले की लोकांना ताट्या आणि पाण्याची मोटर आठवते. मे महिन्यात खोलीच 36-38 अंशांवर असते आणि द्रव खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे हिवाळ्यात द्रवाच्या तापमानावर बेतलेली पंख्यांच्या वेगाची मांडणी उन्हाळ्यात दिवसभर पंखे पळवत राहते. मी दोन वेगवेगळ्या मांडण्या साठवून ठेवल्या आहेत आणि होळीनंतर दुसरी लावतो. त्याच दिवशी पंखे काढून रेडिएटरच्या पात्यांत बसलेली कापसासारखी धूळ मऊ ब्रशने झाडतो.

हे सारे करूनही किरकोळ कामात प्रोसेसरचे तापमान 90 च्या पुढे जात असेल, आणि एक नळी गरम तर दुसरी गार लागत असेल, तर पंप द्रव फिरवत नाही असे समजावे. अशा वेळी कूलर स्वतः उघडू नये, तसाच वॉरंटीत पाठवावा.