तुमचे प्रश्न : परत न येणारा काटा

मागच्या अंकात ‘आर्गो’ फ्लोटवर एक लहानशी चौकट दिली होती : समुद्रात सोडलेल्या, आपापले वाहणाऱ्या आणि मोजमापं कळवणाऱ्या नळ्या. तेवढ्या चौकटीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातल्या तिघांना उत्तरं देते.

प्रश्न : फ्लोटला पंखा नाही, दोरी नाही. मग तो दोन किलोमीटर खाली जाऊन वर येतो कसा? (अकरावीची विद्यार्थिनी, सांगली)

वजन तेवढंच ठेवायचं आणि आकारमान बदलायचं. बुडाशी एक रबरी पिशवी असते. आतलं तेल पंपाने तिच्यात ढकललं की ती फुगते आणि फ्लोट वर येतो. तेल आत ओढलं की तो बुडतो. तेल किती, तर चहाचे एक-दोन कप. बाकी वेळ तो १००० मीटरवर प्रवाहाबरोबर नुसता वाहत असतो. मग २००० मीटरपर्यंत बुडी, तिथून वर येताना तापमान, क्षारता (पाण्याचा खारटपणा) आणि दाब मोजायचा, उपग्रहाला कळवायचं की पुन्हा खाली. असा फेरा दर दहा दिवसांनी. कुठे जायचं ते मात्र त्याच्या हातात नाही. आज जगभरात असे सुमारे ४००० फ्लोट आहेत.

प्रश्न : मी आडत व्यापारी. माझा वजनकाटा ठरल्या मुदतीत वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. तुमचा फ्लोट एकदा सोडला की परत येत नाही म्हणता. मग त्याच्या काट्यावर विश्वास कुणी आणि का ठेवायचा? (वाचक, लातूर)

शेठजी, माझी सगळी नोकरी या एका प्रश्नात गेली. फ्लोट समुद्रात सोडणं एका दुपारचं काम. त्याचे आकडे सांभाळणं पुढे कित्येक वर्षांचं.

पहिली चाळण यंत्राचीच. आकडे आले की संगणक काही ढोबळ तपासण्या करतो : तारीख शक्य आहे का, मध्येच एखादा आकडा उडी मारतोय का, आणि फ्लोट जमिनीवर तर दाखवत नाही ना! (हसू नका, दाखवतो कधीकधी.) प्रत्येक आकड्याला शेरा मिळतो, १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. एवढं करून २४ तासांच्या आत ती फाइल जगात कुणालाही फुकट मिळते. भारताचे फ्लोट हैदराबादचं ‘इन्कॉइस’ (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) सांभाळतं, आणि साऱ्या देशांच्या फाइली फ्रान्समध्ये ब्रेस्टला आणि अमेरिकेत मॉंटेरेला एकत्र होतात.

तुमची शंका पुढच्या पायरीची. तापमानाचा सेन्सर सहसा त्रास देत नाही. खोड्या काढते ती क्षारता. ती मोजतात पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून, एका बारीक काचेच्या नळीत. नळीत शेवाळ धरलं की वीज कमी वाहते आणि पाणी आहे त्यापेक्षा गोडं दिसतं. शेवाळ धरू नये म्हणून नळीच्या तोंडाशी विषाची गोळी बसवतात, पण तीही कधीतरी संपते.

मग शिक्का कोण मारतं? खोल समुद्र. दीड-दोन हजार मीटरवरचं पाणी वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही. अरबी समुद्रात तिथे एखादा फ्लोट क्षारता ३४.८० (साधारण एक किलो पाण्यात तेवढे ग्रॅम क्षार) सांगत होता, काही महिन्यांनी ३४.७८, मग ३४.७५, आणि त्या भागातले बाकीचे फ्लोट, जहाजांवरून घेतलेली जुनी मोजमापं आहेत तिथेच. तर समुद्र नव्हे, काटा घसरला. किती घसरला ते काढून आकडे दुरुस्त करायचे. हे काम वर्षभराने, सगळे फेरे समोर मांडून माणूस करतो. तेव्हा फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर ‘आर’चं (रिअल-टाइम, म्हणजे लगेच आलेली) ‘डी’ (डिलेड, म्हणजे सावकाश तपासलेली) होतं. पण मूळ आकडा पुसायचा नाही. दुरुस्त आकडा त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात जातो. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात, खोडरबर चालवत नाहीत, तसंच.

एकदा मी स्वतःच फसले. नवीन होते. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेकडचा एक फ्लोट, ऑक्टोबर महिना. आधीच्या फेरीत पृष्ठभागाला क्षारता ३३ आणि आता एकदम २९. मी सगळ्या फेरीला ४ देऊन मोकळी. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ खुर्चीमागे येऊन उभे : “खालचे आकडे पाहिलेत का, मॅडम?” खाली सगळं जिथल्या तिथे. काटा बिघडला असता तर खालीही बिघडला असता! ते पावसाळ्यानंतर गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी होतं, वरच्या थरात साचलेलं. शेरे बदलायला दहा मिनिटं लागली, पण मान वर करायला पूर्ण दिवस.

प्रश्न : बाबांच्या जाळ्यात चारेक फुटांची पिवळी नळी आली, वर अँटेना आहे. हाच का तुमचा फ्लोट? मासे कुठे आहेत ते याला कळतं का? (वाचक, मालवण तालुका)

वर्णनावरून वाटतोय तरी तसाच. कोकणच्या किनाऱ्यापासून पुष्कळ आतपर्यंत समुद्र २०० मीटरही खोल नाही, म्हणून फ्लोट सोडतात त्याच्याही पलीकडे. त्यामुळे तुमच्याकडे येतो तो बहुधा भरकटलेला किंवा बॅटरी संपलेला. माशांचं त्याला काही कळत नाही. इन्कॉइस मासेमारीचे सल्ले देतं ते पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून.

बाबांना सांगा, उघडू नका. आत लिथियमच्या बॅटऱ्या असू शकतात, नळीत दाब साठलेला असू शकतो, आणि ती विषाची गोळीही आहेच. पोरांच्या हाती लागणार नाही अशी सावलीत ठेवा, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात किंवा सागरी पोलिसांना कळवा. अंगावर चिकटवलेल्या पट्टीवरचा क्रमांक मलाही पाठवा. तो शेवटचा कुठे बोलला होता ते काढून बघते.